'सहापर्यंत' म्हणजे बाय की टिल? नौपाड्यातल्या इंग्लिश क्लासचा माझा अनुभव

आधीच सांगते, क्लासचं नाव मी इथे टाकत नाहीये. क्लास घेणाऱ्या बाईंनीच नको म्हणून सांगितलंय. त्यांच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या मावतात आणि त्या बाराच जण घेतात, उगाच लोक येऊन परत जायला नकोत असं त्यांचं म्हणणं. ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या मागच्या गल्लीतली जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, खाली चक्की. नौपाड्यात राहणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल, बाकीच्यांनी तिकडे जाऊन कोणालाही रिटायर्ड बाईंचा इंग्लिश क्लास विचारलं तरी दाखवतील.

मी कळव्याला राहते, घोडबंदर रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, वय ४५. शाळा पूर्ण मराठी मीडियम. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं तोपर्यंत माझी बारावी होऊन गेलेली. म्हणजे इंग्रजी येत नाही असं नाही, रिपोर्ट वाचता येतात, मेल वाचता येतो, मुलाचा नववीपर्यंतचा अभ्यास मीच घेतला. पण समोर माणूस उभा राहिला आणि इंग्रजीत बोलायला लागला की पहिलं मराठी वाक्य डोक्यात येतं, मग त्याचे शब्द एक एक करून इंग्रजीत बदलायचे, तोपर्यंत समोरचा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. आमच्याकडे निम्मे पेशंट मोठ्या कॉम्प्लेक्समधले, बाहेरच्या राज्यातून आलेले, त्यांना मराठी येत नाही आणि हिंदीपण कामापुरतं.

क्लास लावायचं कारण एकच घटना. गेल्या वर्षी जूनमध्ये एक बाई वडिलांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी, करून गेल्या, रिपोर्ट कधी मिळेल विचारलं, मला म्हणायचं होतं सहापर्यंत मिळेल, मी म्हटलं 'रिपोर्ट इज अवेलेबल टिल सिक्स'. त्यांना वाटलं सहानंतर मिळणार नाही. त्या ऑफिसमधून अर्धी सुट्टी टाकून पावसात साडेतीनला आल्या, रिपोर्ट अजून मशीनवर होता, आणि मी परत तेच वाक्य म्हणत होते, टिल सिक्स मॅडम, टिल सिक्स. त्या चिडल्या, सरांनी मला आत बोलावलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर पण कळत नव्हतं की माझं चुकलं कुठे, कारण मराठीत तर मी बरोबरच बोलत होते ना.

खरं तर आधी दुसऱ्या एका क्लासला जाऊन आले होते, त्याचं पण सांगायला हवं कारण बरेच लोक तिथेच जातात. मोठं होर्डिंग, एसी, ४५ दिवसांत फ्लुएंट, फी १८ हजार. रोज २० नवीन शब्दांची लिस्ट द्यायचे, मेटिक्युलस, बेनेव्होलंट, असे शब्द, दुसऱ्या दिवशी स्पेलिंग आणि अर्थ विचारायचे. मी पाठ करायचे, रात्री भाकऱ्या करताना फ्रिजवर कागद लावून पाठ करायचे, आणि आठ दिवसांनी त्यातले दोन आठवायचे. वर्गात मराठी शब्द तोंडून गेला की १० रुपये दंड. यामुळे झालं काय की सगळे गप्प बसायला लागले. १० रुपयांचं काही नाही, पण चारचौघांत डबा पुढे केला जातो तो प्रकार नकोसा होतो. महिन्याने सोडलं, पैसे परत मिळाले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही.

बाईंकडे माझ्या नणंदेच्या ओळखीने गेले. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलंच नाही. म्हणाल्या उद्या सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुमच्या तोंडातून जी वाक्यं जातात ती मराठीत लिहून आणा, पन्नास तरी हवीत, आणि शुद्ध करून लिहू नका, जशी जातात तशी. मला वाटलं ही कसली इंग्लिशची सुरुवात. पण लिहायला बसले तर कळलं की मी कामावर दिवसभर फिरून फिरून साठसत्तर वाक्यंच बोलते. बसा. नंबर लावा. उपाशी पोटी आलात का. सुट्टे आहेत का. मूठ वळा. हात सैल सोडा. थोडं टोचेल. कापूस दाबून धरा. सहापर्यंत रिपोर्ट मिळेल. तुमचा फोन लागत नव्हता. सरांना विचारून सांगते. एवढंच माझं इंग्लिश मला पाहिजे होतं आणि ते एवढ्या वर्षांत मला कोणी दिलंच नव्हतं, मला प्रामाणिकपणे रडू आलं ती वही बघून.

बाकीच्यांच्या वह्या वेगळ्या. पार्लरवाली ताई होती वागळे इस्टेटची, तिची वाक्यं थ्रेडिंगची. एक इलेक्ट्रिशियन दादा, त्याची वाक्यं मेन स्विच बंद करा, टेबल सरकवा, बिल गुगल पे केलंत तरी चालेल. एक ६८ वर्षांचे काका होते, त्यांची मुलगी कॅनडाला, जावई तिकडचाच, त्यांची सगळी वाक्यं नातवाशी बोलायची. प्रत्येकाला बाईंनी त्याच्याच वहीवरून शिकवलं, आणि दुसऱ्यांची ऐकून ऐकून आम्हाला पण यायला लागली.

माझं 'सहापर्यंत' बाईंनी तिसऱ्या दिवशी फळ्यावर घेतलं. दोन वाक्यं लिहिली, सहापर्यंत रिपोर्ट मिळेल, आणि सहापर्यंत लॅब उघडी आहे. विचारलं दोन्ही 'पर्यंत' सारखे आहेत का. सगळे म्हणाले हो. मग म्हणाल्या नीट बघा, पहिल्यात काम कधीतरी होणार आहे आणि सहा ही शेवटची वेळ आहे, दुसऱ्यात काम चालूच आहे आणि सहाला थांबणार आहे. इंग्रजी या दोन गोष्टी वेगळ्या धरते. पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल. 'द रिपोर्ट विल बी रेडी बाय सिक्स.' 'वी आर ओपन टिल सिक्स.' बस, पाच मिनिटं लागली असतील. माझं चुकलं होतं ते इंग्रजी कमी येतं म्हणून नाही, मराठीत एका शब्दात दोन अर्थ राहतात म्हणून, आणि हे फक्त मराठी येणाऱ्या माणसालाच दाखवता येतं. दंडाच्या डब्यातून हे कधीच बाहेर आलं नसतं.

असंच 'बसा'चं. मी पेशंटला 'सिट' म्हणायचे, आणि काही लोकांच्या कपाळाला आठी यायची ती मला दिसायची पण कारण कळायचं नाही. बाईंनी फळ्यावर बस आणि बसा लिहिलं आणि त्या कान्यावर गोल केला. आपला सगळा मान या एका कान्यात आहे म्हणाल्या. इंग्रजी क्रियापदाला हा काना लागत नाही, तू पण यू आणि तुम्ही पण यू, म्हणून ती भाषा मान वेगळ्या शब्दांतून देते, कुड यू, वुड यू, प्लीज हॅव अ सीट. आपण 'सिट' म्हणतो तेव्हा मनात बसा असतं, समोरच्याला बस ऐकू येतं. मी दुसऱ्या दिवसापासून 'प्लीज हॅव अ सीट' सुरू केलं. लोक हसून बसतात, खरंच सांगते, तेच लोक.

त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन दादाने त्याचं सांगितलं. एका कस्टमर बाईंनी दारात विचारलं 'वुड यू माइंड टेकिंग ऑफ युअर शूज', तो मोठ्या आदराने म्हणाला 'येस मॅडम' आणि वाकला बूट काढायला, त्यांचा चेहराच उतरला. कारण माइंड म्हणजे हरकत, हरकत आहे का विचारलं तर हो म्हणजे हरकत आहे. तिथे 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि बूट काढायचे. वर्गात कोणी हसलं नाही, सगळ्यांनी येसच म्हटलं असतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लावणे आणि लागणे या दोन दिवसांचा. बाई म्हणतात मराठी माणसाचं निम्मं इंग्रजी या दोन क्रियापदांवर अडतं. बघा ना, पंखा लाव, दार लाव, कुलूप लाव, मलम लाव, झाड लाव, नंबर लाव, आपल्याला एकच शब्द. इंग्रजीत पंख्याला टर्न ऑन, दाराला क्लोज, कुलपाला लॉक, मलमाला अप्लाय, झाडाला प्लांट. म्हणून डिक्शनरीत लावणे बघून काही उपयोग नाही, दहा अर्थ येतात आणि कुठला कुठे ते कळत नाही. आणि लागणे तर त्याहून अवघड. भूक लागली ते 'आय ॲम हंग्री', म्हणजे तिथे क्रिया उरलीच नाही. झोप लागली 'आय फेल अस्लीप'. नोकरी लागली 'आय गॉट अ जॉब'. दोन दिवस लागतील 'इट विल टेक टू डेज'. दवाखाना वाटेत लागतो 'इट्स ऑन द वे'. आणि माझं रोजचं, तुमचा फोन लागत नव्हता, 'आय कुडन्ट गेट थ्रू टू यू'. गेट थ्रू हे तीनदा लिहून घेतलं त्यांनी माझ्याकडून. मी आधी म्हणायचे 'युअर फोन वॉज नॉट अप्लाय', आता आठवलं तरी पोटात खड्डा पडतो, पेशंटला काय कळत असेल.

नियम असा की वहीत सुटा शब्द लिहायचा नाही. डिसिजन लिहिलं तर 'मेक अ डिसिजन' एवढं सगळं लिहायचं, मिस्टेक पण मेक, होमवर्क मात्र डू, फेव्हर डू. आपल्याकडे सगळ्यालाच करणे आहे त्यामुळे हे कळायचा दुसरा रस्ता नाही, जोडीनेच पाठ करावं लागतं. मूठ वळा साठी 'मेक अ फिस्ट' आहे हे मला या वयात कळलं. रोज पन्नासदा मी ते नुसतं हाताने करून दाखवायचे.

किती शब्द लागतात हा प्रश्न काकांनी विचारला होता, कारण त्यांना टेन्शन होतं की व्हिसाच्या आधी होईल का. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी १९८९ ची वीस खंडांची आहे, ते ऐकून आम्ही सगळेच गार. पण बाईंनी मायकेल वेस्ट यांचं सांगितलं. ते इंग्रज शिक्षक, ढाक्याला शिकवायचे, म्हणजे आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांनी बघितलं की थोडेच शब्द परत परत येतात. पुढे १९५३ मध्ये त्यांची साधारण दोन हजार शब्दांची यादी आली, जनरल सर्व्हिस लिस्ट नावाची, आणि रोजच्या बोलण्यातलं, साध्या लिखाणातलं बहुतेक सगळं त्यात येऊन जातं. आणि यातले निम्मे शब्द मराठी मीडियमवाल्याला आधीपासून माहीत असतात, ते बाईंनी आमच्यासमोर यादी वाचून टिक करून दाखवलं. माझे टिक १,३०० च्या वर गेले. शब्द माझ्याकडे होते, जोडणी नव्हती. मेटिक्युलस वगैरे नंतर बघा म्हणाल्या, आधी गेट, टेक, पुट, मेक यांच्याशी मैत्री करा.

आता पाठांतरासाठी बाई जो खोका करायला लावतात त्याबद्दल. प्रत्येकाने घरून मिठाईचा रिकामा खोका आणायचा, माझा पेढ्यांचा होता, त्यात पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे लावून पाच कप्पे करायचे. लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या, एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. नवीन चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, ती रोज बघायची. बरोबर आली तर दुसऱ्यात, ती दोन दिवसांनी, मग तिसऱ्यात, ती आठवड्याने, असं पाचव्यापर्यंत, आणि कुठल्याही कप्प्यात चुकली की थेट पहिल्या कप्प्यात परत. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची, १९७२ सालची, आणि मुळात एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ लाच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भरभर उडून जातं, मग हळू उडतं. म्हणजे मी फ्रिजवरची लिस्ट विसरायचे तो माझ्या वयाचा दोष नव्हता, वेळेवर परत बघितलं नाही एवढंच. मोबाईलवर यासाठी ॲप आहेत, माझ्या मुलाने टाकून पण दिलं, पण मला खोकाच बरा वाटतो, स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी लक्षात राहते. लोकलमध्ये कळवा ते ठाणे एकच स्टेशन, तेवढ्यात सातआठ चिठ्ठ्या होतात, रबर लावून पर्समध्ये ठेवते.

उच्चाराला बाई एक छोटा आरसा देतात हातात. आपला व एकच आहे, इंग्रजीत दोन. बनियनला पण वेस्ट आणि पश्चिमेला पण वेस्ट, देवनागरीत लिहिताना फरकच दिसत नाही. बनियनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, पश्चिमेच्या वेळी ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल. आरशात बघून करायचं. ठाणे वेस्ट हे मी जन्मभर चुकीचं म्हणत होते हे त्या दिवशी कळलं, आणि लॅबमध्ये पत्ता सांगताना तर रोजच लागतं. पेन आणि पॅन, कोट आणि कॉट, हे पण एक पूर्ण दिवस घेतलं.

आता न आवडलेल्या गोष्टी. ऐकण्याचा सराव फार कमी आहे. पूर्ण तीन महिने आपण फक्त बाईंचं इंग्रजी ऐकतो, आणि त्या सावकाश, स्वच्छ बोलतात. फोनवर चेन्नईचा माणूस वेगळा बोलतो, दिल्लीचा वेगळा, आणि काकांचा जावई तर अजून वेगळा. मला फोनवर अजूनही 'कुड यू प्लीज से दॅट अगेन' म्हणावं लागतं, अर्थात ते म्हणायला बाईंनीच शिकवलं. ही कमी मी बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या सिक्स मिनिट इंग्लिशने भरून काढते. फुकट आहे, दोघं जण सहा मिनिटं एका विषयावर बोलतात, त्यातले सहा शब्द समजावून सांगतात, आणि पूर्ण लिखित मजकूर वेबसाइटवर मिळतो. माझी बस कापूरबावडीला अडकली की दोन एपिसोड होतात. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा मजकूर बघत, असं केलं तर उपयोग होतो, नुसतं कानाला लावून झोपलं तर नाही. हे मी बाईंना सांगितलं, त्यांनी स्पीकर आणायचं कबूल केलंय.

दुसरं म्हणजे चुकलेला दिवस परत मिळत नाही. माझे जुलैत ट्रेन बंद असल्यामुळे दोन दिवस गेले, त्यात पास्ट टेन्स गेला, तो पार्लरवाल्या ताईच्या वहीवरून उतरवून घेतला. सर्टिफिकेट मिळत नाही, ज्यांना ऑफिसात दाखवायला कागद पाहिजे त्यांनी दुसरीकडे बघा. आणि ज्यांना परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस वगैरे इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी हे नाहीच, तसं बाई पहिल्याच दिवशी सांगतात आणि परत पाठवतात. पंखे दोन आहेत, मे महिन्यात घाम निथळतो, आणि गुडघ्याचा त्रास असेल तर तीन जिने विचार करा. काका प्रत्येक मजल्यावर थांबून यायचे.

फी ४,५०० तीन महिन्यांची, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, ७ ते सव्वाआठ. आधी कोणी असं फीचं स्वस्त सांगितलं असतं तर मी शंका घेतली असती, पण मला इथे जे मिळालं ते अठरा हजारात नव्हतं.

एक गोष्ट अजून. आपण निघताना येते हं म्हणतो, जाते म्हणत नाही, जाते म्हणणं आपल्याला बरं वाटत नाही. काकांनी त्यांच्या वहीत ते लिहिलं होतं, नातवाचा फोन ठेवताना येतो हं बाळा म्हणतो, याचं इंग्रजी काय. आम्ही सगळे विचारात पडलो, 'आय कम' तर नाहीच. बाई पण थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या 'सी यू सून' म्हणा, त्यात परत भेटायचं आहे. आणि मग म्हणाल्या, पण येतो हं पण म्हणत जा, त्याला ऐकून ऐकून कळेल. पुढच्या आठवड्यात काकांनी सांगितलं की नातू फोन ठेवताना 'एतो हं' म्हणाला. इंग्रजीच्या क्लासमध्ये आम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नाव नोंदवायला संध्याकाळी साडेसहाच्या आधी जा, क्लास सुरू झाल्यावर बाई दार उघडत नाहीत. वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी पुरत नाही. आणि रिकामा खोका जरा मोठा, किलोचा असू दे, माझा अर्ध्या किलोचा होता तो दीड महिन्यात भरला.